भात पिकवणाऱ्यानं भात सोडावा का? लो-कार्ब आहाराचे आपल्या भागातले अनुभव सांगा

गडपायथा | येळ्ळूर | १६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

राम राम मंडळी,

सुगी अंगावर आली आहे. अंगणात भाताची रास पडली आहे आणि घरात तीन आठवडे एकच विषय चालू आहे: आप्पांनी भात खायचा की नाही. मला इथल्याच माणसांचं ऐकायचं आहे, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले आमच्या ताटाला लागू पडत नाहीत.

आप्पा ६३ वर्षांचे. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात अडीच एकर भात आहे, पैकी अर्धा एकर अजून जुनी बासमती लावतात. उतारा कमी पडतो, वाऱ्याला लोळते, तरी लावतात. साखरेचा आजार जडून ११ वर्षं झाली. रोज सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी घेतात. दसऱ्यानंतर रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.१ आलं. त्याच आठवड्यात आतेभावानं त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. भात बंद, भाकरी बंद, गूळ, फळं, डाळ सगळं बंद. अंडी, मटण, तूप, पनीर पोटभर. तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. आप्पा हट्टी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाताला हात लावला नाही. चुलीवर इंद्रायणीचा वास सुटलेला आणि हे पाठ फिरवून अंडी आणि कोबी खात बसायचे. आईला ते बघवत नव्हतं.

पहिले आठ दिवस सगळे खूश. वजन साडेतीन किलो उतरलं, उपाशीपोटीची साखर १९० वरनं १२२ वर आली. नवव्या दिवशी पहाटे गोळी घेतली, कोरा चहा प्यायले आणि कापणीला गेले. साडेसातला आई न्याहारी घेऊन पोचली तर आप्पा बांधावर बसलेले. हवेत गारठा, आणि सदरा मात्र घामानं भिजून पाठीला चिकटलेला. विळा मुठीत तसाच. आई म्हणाली, "काय होऊलालंय तुमाला? बोला की!" ते नुसते तिच्याकडं बघत राहिले. ओळख नाही डोळ्यात. शेजारच्या शेतातला माणूस धावत आला, त्यानं आपल्या थर्मासातला गोड चहा घोट घोट पाजला. मी मशीन घेऊन पोचलो तेव्हा, चहा पोटात गेल्यानंतरसुद्धा, आकडा ५४ होता.

त्या सकाळपासून घरात दोन तट पडले आहेत. आई म्हणते, हे खूळ बंद. आतेभाऊ म्हणतो, साखर उतरली हे खोटं आहे का? खोटं नाही. मीच रोज वहीत लिहीत होतो. म्हणून विचारतो: हा आहार चांगला की वाईट? आणि आपल्यासारख्या भात-भाकरीवर वाढलेल्या माणसानं तो करावा तर किती आणि कसा?

*

पानमांडणी | टिळकवाडी | १६ नोव्हेंबर, रात्री ११.०५

गडपायथा, आधी तुमच्या आईला आणि त्या शेजाऱ्यांना नमस्कार सांगा. आप्पा शुद्धीत होते, गिळता येत होतं, म्हणून गोड चहानं काम भागलं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं.

मी आहारतज्ज्ञ आहे, २० वर्षं याच शहरात काम करते. बांधावर जे झालं तो दोष एकट्या आहाराचा नाही आणि एकट्या गोळीचाही नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही दोन ताटं भात खाल्ला की नुसता कोरा चहा प्यायलात, ती आपलं काम करणारच. भात बंद केला त्याच दिवशी ही गोळी कमी करायला हवी होती, आणि ते डॉक्टरांनी करायचं काम. त्यात पहाटेची कापणी, म्हणजे स्नायूंनीही साखर ओढून घेतली. ७० च्या खाली आकडा आला की धोका सुरू होतो. ५४ म्हणजे मेंदूला साखर पुरेनाशी झालेली.

आता किती, ते सांगते. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं असली की त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. कीटो म्हणजे २० ते ५० ग्रॅम. आता आपलं ताट बघा. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. शेतकऱ्याच्या घरी एका वेळी ३०० ग्रॅम भात सहज वाढला जातो, म्हणजे ८४ ग्रॅम झाले. तेवढाच रात्री. मध्ये दोन भाकऱ्या, तीन गोड चहा, संध्याकाळी चिरमुरे. आकडा ३०० च्या वर जातो. तिथनं एकदम ४० वर उडी मारायची, तीही सुगीत आणि तीच गोळी चालू ठेवून! कुठल्याही जाणत्या डॉक्टरनं याला हो म्हटलं नसतं.

आणि ते साडेतीन किलो. शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून ४००-५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कर्बोदकं तोडली की हा साठा आधी रिकामा होतो आणि पाणीही लघवीवाटे जातं. पहिल्या आठवड्यातलं वजन बरंचसं तेच असतं. माणसाला वाटतं चरबी गेली.

*

व्यायामशाळा | शहापूर | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

वय २९. मी चार महिने कडक कीटो केला आहे, त्यामुळे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे सांगतो.

वजन ९४ होतं, ८१ वर आलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४० वरनं ११५. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भूक शांत झाली. आधी गणपत गल्लीतनं जाताना काहीतरी तोंडात टाकल्याशिवाय पाय पुढं जात नव्हता, ती ओढच गेली. सकाळी अंडी खाल्ली की दोनपर्यंत आठवण येत नव्हती.

दुसरी बाजू. पहिला आठवडा डोकं ठणकत होतं, रात्री पोटरीत गोळे यायचे. मीठ आणि पाणी वाढवल्यावर थांबले. बद्धकोष्ठता चारही महिने. तोंडाला एक विचित्र वास, बायको म्हणायची नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. आणि चौथ्या महिन्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरनं १९६. लोणी, तूप, मटण, चीज यावरच जगत होतो, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी थांबवलं.

थांबवल्यावर गणपती आले. मोदक, पुऱ्या, प्रसादाचा शिरा. दोन महिन्यांत सहा किलो परत. जो आहार सणावाराला मोडावाच लागतो तो माझ्यासारख्याच्या घरात टिकत नाही, हे मला चार महिने घालवून कळलं. आता चालू आहे ते वेगळं: दुपारी एकच वाटी भात, रात्री एक भाकरी, साखर बंद. वजन ८५ वर थांबलं आहे, एलडीएल १२६. मी यात समाधानी आहे.

*

खानापूरची लेक | नंदगड | १७ नोव्हेंबर, दुपारी १.४०

भाऊ, तुमच्या आईचा जीव कसा झाला असेल ते मला कळतं. आमच्याकडं हे तीन वर्षांपूर्वी झालं. भोवऱ्यातनं आम्ही कसे निघालो ते लिहिते, उपयोग झाला तर बघा.

आमच्या ह्यांची साखर नवीन निघाली तेव्हा एचबीए१सी ७.८ होतं. भात सोडा म्हटलं की हे जेवणावरच रुसायचे. आमच्या पश्चिम भागात सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री भात. म्हणून मी काही सोडायला लावलंच नाही, ताट फिरवून वाढायला लागले. पूर्वी मध्यभागी भाताचा ढीग आणि कडेला बोटभर भाजी असायची. आता मध्यभागी उसळ. हुलगा, मटकी, काळा वाटाणा, चवळी, रोज एक. एका बाजूला पालेभाजी, दुसऱ्या बाजूला कच्चा मुळा, मेथी, कांद्याची पात. भात सगळ्यात शेवटी, एक वाटी, आणि त्यावर घट्ट आमटी. आधी उसळ-भाजी संपवायची आणि मग भात, हा नियम. पोट तोवर निम्मं भरलेलं असतं आणि साखरही एकदम चढत नाही.

सुरुवातीला भात वाढताना माझाच हात अडायचा. नवऱ्याला कमी वाढतोय असं वाटायचं. सासूबाई तर बाजूला तोंड करून बसायच्या. मग मी त्यांना मशीन लावून दाखवलं. जुन्या पद्धतीनं जेवल्यावर दोन तासांनी २४१. उलट्या क्रमानं आणि वाटीभर भातावर १६८. दोन दिवसांतले आकडे, एकाच माणसाचे. सासूबाईंनी त्या दिवसापासून स्वतः हुलगे भिजत घालायला घेतले.

रविवारी बांगडा किंवा कोंबडी. जेवल्यावर गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालून येणं, १५ मिनिटं. आता एचबीए१सी ६.४ आहे, गोळी एकच.

*

कडोलीची आक्का | कडोली | १७ नोव्हेंबर, रात्री ८.३०

सगळ्यांचं वाचलं. मलाबी बोलायचंय.

तुम्ही अंडी, पनीर, मटण लिहितासा. आमच्या गल्लीत रोज मजुरीला जाणाऱ्या बायका हाईत. रेशनवर काय येतं? तांदूळ. २०१३ पासनं सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ येतो, त्यानं घरं तगली, हे मी डोळ्यानं बघितलंय. ज्या घरात तांदूळ फुकट आणि डाळ महाग, तिथं ताटात भाताचा ढीगच दिसणार. त्या बाईला दवाखान्यात "भात बंद कर" म्हणून सांगितलं की ती मान हलवते आणि घरी येऊन उपाशी राहते. भात सोडून खायला दुसरं असतंय कुठं? मग चक्कर, अशक्तपणा. माझ्या जावेचं असंच झालं. रक्त ८ वर आलं, साखर तशीच.

आणि आमच्याकडची रताळी. बेळगावच्या ह्या पश्चिम पट्ट्यात रताळी हे आमचं नगदी पीक. मोबाईलवाले म्हणतात रताळं विष. दिवसभर वाकून रताळी काढणाऱ्या माणसाला दुपारी दोन उकडलेली रताळी मिळू नयेत का? बसून खाणाऱ्याचा आणि राबणाऱ्याचा हिशेब एकच कसा हो?

*

पानमांडणी | टिळकवाडी | १७ नोव्हेंबर, रात्री ९.५०

आक्का, तुम्ही बोललात ते आमच्या धंद्यातल्या माणसांनी भिंतीवर लिहून ठेवायला हवं. नुसतं "बंद करा" म्हणून बाईला घरी पाठवणं ही आमची चूक आहे. त्या जागी काय खायचं हे तिच्या पैशात बसेल असं सांगता आलं तरच तो सल्ला.

म्हणून स्वस्तातलं सांगते. १०० ग्रॅम हुलग्यात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २३-२४. एका अंड्यात ६. म्हणजे मूठभर भाजलेल्या शेंगा एका अंड्याच्या तोलाच्या. कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, ताक, शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी, हे सगळं आपल्याकडं होतंच. भात स्वस्त झाला तसं ते ताटाच्या कडेला गेलं. भात दोन मुठी कमी केला तर तेवढ्या जागी हुलग्याचं माडगं बसतं.

रताळ्याबद्दल. १०० ग्रॅममागे २०-२५ ग्रॅम कर्बोदकं, पण चोथाही आहे. राबणाऱ्या माणसानं खावं. साखर असलेल्यानं भाताबरोबर खाऊ नये, भाताऐवजी खावं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर रताळी आणि वर केळी, असा उपास मात्र मधुमेह्यानं करू नये. त्या एका दिवसाचे आकडे मी बघते तेव्हा धास्ती वाटते.

*

शाळू | अथणी | १८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

आमच्याकडं पूर्वेला भात कमीच, शाळूची भाकरी. भाकरी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, आमचे सगळे जुने लोक हेच सांगतात. तांदूळ सोडा आणि भाकरी धरा, प्रश्न मिटला.

*

पानमांडणी | टिळकवाडी | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

शाळूदादा, इथं मी ठामपणे नाही म्हणते, कारण या समजुतीनं लोकांची साखर वाढलेली बघितली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदकं आहेत, ज्वारीत ६८, नाचणीत ६७. फरक आहे तो चोथ्याचा. तांदळात तीनाच्या आत, ज्वारीत आणि नाचणीत १० ते ११. त्यामुळे भाकरीनं साखर सावकाश चढते, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, ज्वारीतनं प्रथिनंही थोडी जास्त मिळतात. भाकरी तांदळापेक्षा बरी आहे, पण चार भाकऱ्या म्हणजे लो-कार्ब नव्हे. जुने लोक भाकरी खायचे आणि दिवसभर कुळव हाकायचे. आता ट्रॅक्टर आहे, भाकऱ्यांची संख्या तीच आहे.

*

सेवानिवृत्त गुरुजी | निपाणी | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ५.१५

हा आहार नवा नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा गृहस्थ होता. वैद्याच्या सल्ल्यानं पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून त्यानं वजन उतरवलं आणि १८६३ साली स्वतःचा अनुभव छापून वाटला. १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी कीटोजेनिक आहार अपस्मारासाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी मुलांमध्ये तो आजही वापरतात, पण वैद्यकीय देखरेखीत. म्हणजे हे मुळात औषध म्हणून वापरलेलं हत्यार आहे, हे ध्यानात घ्यावं.

वजनासाठी तो इतरांपेक्षा सरस आहे का? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ लोकांवर वर्षभर प्रयोग केला, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकंवाल्यांचं ६. फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर, मैदा टाळून घरचं ताजं अन्न खायला सांगितलं होतं. माझ्या मते खरं काम तिथं झालं.

मधुमेहात मात्र फायदा जास्त स्पष्ट आहे. २०२१ मध्ये २३ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी लो-कार्ब गटातल्या ५७ टक्के लोकांचं एचबीए१सी ६.५ च्या खाली होतं, दुसऱ्या गटात ३१ टक्के. वर्षाअखेर हा फरक बराच ओसरला. माणसं जुन्या ताटाकडं वळली असावीत, असा माझा अंदाज.

आणि आयुर्मानाचं. अमेरिकेतल्या १५ हजारांवर लोकांना २५ वर्षं न्याहाळून २०१८ मध्ये जो आलेख निघाला तो दरीसारखा आहे. एकूण उष्मांकापैकी ५० ते ५५ टक्के कर्बोदकांतून घेणारे सर्वांत सुरक्षित. ४० च्या खाली आणि ७० च्या वर मृत्यूचं प्रमाण वाढलेलं. त्यातही कर्बोदकांच्या जागी मांस-लोणी घेणाऱ्यांत ते वाढलं, डाळी आणि दाणे घेणाऱ्यांत घटलं. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण आपल्याकडं हुलगा-मटकी हाताशी असताना तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

एक आपल्या मातीतलं सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका ब्रिटिश सहकाऱ्यासह २००४ मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपण काटक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. गडपायथा, आपले आप्पा अंगानं बारीक असतील तर नवल नाही. त्यांना वजन उतरवण्यापेक्षा स्नायू टिकवण्याची गरज जास्त आहे.

*

औषधपेढी | संकेश्वर | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

मेडिकल दुकान चालवतो. कुणाच्या आहारावर बोलणार नाही, गोळ्यांवर बोलतो. हे सगळ्यांनी वाचा, घरच्यांना वाचून दाखवा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर घसरते. आप्पांचं तेच झालं. यातली लांब टिकणारी गोळी पोटात असेल तर गोड चहानं वर आलेली साखर काही तासांनी परत घसरू शकते. त्या दिवशी माणसाला एकटं सोडायचं नाही आणि दवाखाना टाळायचा नाही.

दुसरी गोळी जास्त फसवी आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. पेटंट संपल्यावर स्वस्त झाल्या, आता खेड्यापाड्यात चालू आहेत. या गोळीवर असताना कीटो केला किंवा दोन दिवस कडक उपास केला तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि मशीनवर साखर मात्र १८०-२०० च दिसते. घरचे म्हणतात साखर बरी आहे, पित्त झालं असेल. उलट्या, पोटदुखी, धाप लागली की थांबायचं नाही, थेट मोठा दवाखाना, आणि ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.

रक्तदाबाची गोळी असेल तर चक्कर येऊ शकते, कारण या आहारात पाणी आणि मीठ शरीरातून जातं. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या, मूत्रपिंडाचा त्रास असलेले, मुतखडा होऊन गेलेले, यांनी कीटोच्या वाटेला स्वतःहून जाऊ नये. आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यानं कुणाचाही व्हिडिओ बघून इन्सुलिन सोडू नये. कधीच नाही.

*

कॅम्पातली मुलगी | सध्या बेंगळुरू | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

दीक्षित डाएट म्हणजे हेच का? माझे बाबा दोन वेळाच जेवतात आणि म्हणतात मी लो-कार्ब करतो.

*

व्यायामशाळा | शहापूर | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

नाही ताई. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ते दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं. तिथं भर किती वेळा खाता यावर आहे. ताटात भात असू शकतो. ऋजुता दिवेकर थोडं थोडं आणि आपल्या भागातलं खा म्हणतात, भात-तुपासकट. लो-कार्बचा प्रश्न वेगळा, कर्बोदकं किती. बाबांना गोळ्या चालू असतील तर वर औषधपेढींनी लिहिलेलं त्यांना वाचायला द्या, जेवणाच्या वेळा बदलल्या तरी ते लागू आहे.

*

गडपायथा | येळ्ळूर | ३० नोव्हेंबर, रात्री ९.१५

मंडळी, उशिरा लिहितो. रास घरात आली.

तुमचं सगळं मी आप्पांना वाचून दाखवलं. गुरुजींचं दोनदा. याज्ञिकांच्या फोटोची गोष्ट ऐकून त्यांनी स्वतःचा दंड चाचपून बघितला. औषधपेढींचं वाचल्यावर आतेभाऊ स्वतःहून आला आणि आप्पांच्या पाया पडला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याच्या सासऱ्यांची गोळी सुटली होती म्हणून जीव तोडून सांगत होता. पण सासरे नव्यानंच निदान झालेले आणि ९६ किलोचे, आप्पा ११ वर्षं जुने आणि ५८ किलोचे. हा फरक आम्ही कुणी बघितलाच नव्हता.

डॉक्टरांकडं जाऊन आलो. वही दाखवली. ग्लिमेपिराइड निम्म्यावर आणली, पहाटे उपाशीपोटी घेऊन शेतात जायचं नाही, न्याहारी पुढ्यात आल्यावरच घ्यायची. खिशात गुळाचा खडा कायम. कर्बोदकं कमी करा, पण टप्प्यानं. त्यांनी आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अभ्यासाचं सांगितलं. १८ हजार भारतीयांच्या आहारावरनं केलेल्या हिशेबात, नव्यानं मधुमेह निघालेल्यांनी कर्बोदकं ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत असं निघालं. ते नव्या रुग्णांसाठी आहे, आप्पांचा आजार मागे हटेल अशी आशा धरू नका, पण दिशा तीच ठेवा म्हणाले. आपल्या देशात सरासरीच ६२ च्या घरात आहे, आमच्या घरात त्याहून वर असणार.

ताट खानापूरच्या ताईंनी सांगितलं तसं. सकाळी एक भाकरी, दोन अंडी, कारळ्याची चटणी, ताक. दुपारी उसळ, भाजी आणि शेवटी एक वाटी भात. रात्री हुलग्याचं माडगं आणि एक भाकरी. चहा बिनसाखरेचा, त्याला ते अजून तोंड वाकडं करतात.

परवा बासमतीचे नवे तांदूळ कांडून आणले. आईनं पातेलं चुलीवर ठेवलं आणि वास पार सोप्यापर्यंत आला. आप्पा आत येऊन बसले. आईनं आधी मटकी वाढली, मग मेथी, ती संपेपर्यंत समोर बसून राहिली. मग वाटी घेतली, भात दाबला नाही, मोकळा भरला आणि पानात उपडा केला. आप्पांनी पहिला घास नाकाजवळ नेला, डोळे मिटले, आणि सावकाश चावून खाल्ला. एरवी पाच मिनिटांत ताट रिकामं करणारा माणूस त्या एका वाटीला पंधरा मिनिटं घेऊन बसला. जेवणाआधी १२४ होती, दोन तासांनी १७१. वहीत त्यांनीच स्वतःच्या हातानं लिहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी एचबीए१सी करायचं आहे, तीन महिने झाल्याशिवाय खरा आकडा कळणार नाही. जो येईल तो इथंच लिहीन.

*

कडोलीची आक्का | कडोली | ३० नोव्हेंबर, रात्री ९.५०

वाचून बरं वाटलं बाळा. आप्पांना म्हणावं, बासमतीचं बी पायलीभर माझ्यासाठी बाजूला काढा. धूळवाफ पेरणीच्या आधी माणूस धाडते.